चोरलंस तर पुरा चोर

आमच्या छपरावरचे नळे, म्हणजे कौलं, फुटलेत, बापाला दमा असल्याने तो बोटीवर जाऊ शकत नाही आणि आईच्या पाटीतले बांगडे बाजारात तसेच पडून राहतात, हे आमच्या घरातल्या कुणीही कधी बाहेर बोललं नव्हतं. आम्ही मानी लोक. पेज पिऊन वर भात खाल्ल्यासारखा ढेकर द्यायचो. पण ही सगळी बातमी लवूकाकांनी देवाला सांगितली. जत्रेच्या दिवशी, देवळात, लाऊडस्पीकरवर.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा," डोळे मिटून काका म्हणाले, "आमच्या वाडीतल्या जयवंताचा घर गळता. तेका खोकलो लागलो हा. तेची बायल डोक्यार पाटी घेवन दारोदार फिरता, पण मासो खपणा नाय. तेंच्या चेडवाक शिकाची हौस आसा. तर म्हाराजा, ह्या घराकडे जरा बघ."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला.

ते चेडू म्हणजे मी. आई लाजेने अर्धी झाली. दुसऱ्या दिवशी देवाने काय बघितलं ते ठाऊक नाही, पण गावाने बघितलं. अंगणात कुणीतरी जुन्या नळ्यांचा ढीग आणून टाकला आणि आईची पाटी वाडीतच रिकामी झाली. आई पुढे कितीतरी दिवस लवूकाकांशी बोलली नाही. नळे मात्र तिने चढवून घेतले.

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काही शुभ करायचं असलं, काही बिघडलं असलं, की आम्ही देवाला गाऱ्हाणं घालतो. एक जाणता माणूस उभा राहून देवाशी बोलतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमच्या वाडीत हा मान तांडेलांच्या घराण्याकडे. म्हणजे लवू सोमा तांडेल यांच्याकडे. पूर्वी ते बोटीवर होते, आता गुडघे धरल्यामुळे पडवीत बसून जाळी विणतात. दुसरी माणसं गाऱ्हाण्यात गावाचं भलं मागतात आणि मोकळी होतात. लवूकाका तपशिलात शिरतात. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा जावई दारू पितो, कुणाला मूळव्याध झाली आहे, सगळं नावानिशी. माणसाची खासगी माहिती कंपन्यांच्या हातात जाते म्हणून हल्ली पेपरात मोठमोठे लेख येतात. आमच्या वाडीला त्याचं नवल वाटत नाही. आम्ही लवूकाकांच्या शेजारी लहानाचे मोठे झालोत.

आणि हे फक्त देवळापुरतं असतं तर ठीक. काका सगळ्यांशीच असे बोलतात. लायटीचं बिल जास्त आलं तर ऑफिसात जाऊन टेबलासमोर हात जोडून उभे राहतात. "बा इंजिनिअरा म्हाराजा, माझ्या घरात एक बल्ब आणि एक पंखो." इतकं बोलून थांबतात. समोरचा "बरं, मग?" म्हणाला तर पुढे जात नाहीत. "व्हय म्हाराजा" म्हणाला तरच दुसरं वाक्य. तिथल्या कारकुनांनी आता शिकून घेतलंय. घाटावरून नवा साहेब बदलून आला की जुने कारकून त्याला पहिल्यांदा हेच शिकवतात.

मोबाईल कंपनीच्या फोनवर त्यांची पंचाईत होते. पलीकडून रेकॉर्ड केलेली बाई बोलते. काका आपलं पहिलं वाक्य टाकतात आणि थांबतात. ती म्हणते, मराठीसाठी अमुक दाबा. काका थांबलेलेच. शेवटी फोन ठेवून म्हणतात, "ह्या बायेक कोणी वळण लावूक नाय." एकदा मात्र पलीकडे खरीखुरी मुलगी लागली आणि ती निघाली कणकवलीकडची. काकांचं पहिलं वाक्य ऐकताच तिने तिकडून "व्हय म्हाराजा" म्हटलं. काकांनी मग मोबाईलचं राहूच दिलं, तिच्या लग्नाचं विचारलं, आणि तिथल्या तिथे तिला चांगलं स्थळ मिळावं म्हणून गाऱ्हाणं घातलं.

माझ्या दहावीला त्यांनी रवळनाथाला माझा बैठक क्रमांक सांगितला होता. परीक्षेचं केंद्र, खोली आणि "भूमितीत जरा कच्ची आसा" हेही. पुढे बारावी झाली, बी.ए. झालं, एलएल.बी. झालं. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ते लिहिता यावं म्हणून माझ्या आईने आयुष्यभर डोक्यावर पाटी वाहिली. मालवणात कचेरीसमोर माझी एक खोली आहे. टेबल, कपाट, काळा कोट. माडांच्या हद्दीची भांडणं आणि सातबाऱ्यावरची नावं, हे माझं रोजचं काम. इंटरनेटचा कायदा परीक्षेपुरता वाचला होता. तो मला लवूकाकांमुळे पुन्हा काढावा लागेल असं वाटलं नव्हतं.

त्याआधी दिगूचं सांगायला हवं.

दिगू काकांचा एकुलता एक मुलगा. काकी तो लहान असतानाच गेली, त्यामुळे बाप आणि आई दोन्ही काकाच. त्याच्यासाठी ते भाकऱ्या थापायला शिकले. दिगू अबोल. वाडीतल्या कुणाला त्याच्या मनातलं कळत नसे, बापाला तेवढं तो सांगायचा. त्याचं लग्न ठरलं खारेपाटणच्या मुलीशी, आणि मोडलं. का मोडलं ते त्याने एके संध्याकाळी पडवीत बापाला सांगितलं. आणि बापाने पुढच्या जत्रेत देवाला सांगितलं.

"बा देवा म्हाराजा, माझ्या दिगूचा जमलेला लगीन मोडला. तेचे केस गळतत म्हणान चेडू नको म्हणता."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. काही जण हसले. दिगू गर्दीतच होता. त्याने डोक्यावरची टोपी पुढे ओढली आणि निघून गेला. महिना उलटायच्या आत आखातात नोकरी धरली. नंबर बदलला. काकांनी शाळेतल्या पोरांकडून मोबाईल शिकून घेतला आणि एका ॲपवर त्याचा फोटो शोधून काढला. तर त्याने बापाला ब्लॉक केलं. ब्लॉक म्हणजे काय ते काका मला समजावतात, "आपण दारात उभ्या ऱ्हवान हाक मारूची, आणि आतल्यान कडी घातल्याचो आवाज येवचो."

त्यानंतर काकांनी गाऱ्हाण्यात दिगूचं नाव घेतलेलं आम्ही कधी ऐकलं नाही. गावातल्या बाकी सगळ्यांची मूळव्याध चालू राहिली.

नारळी पौर्णिमेला आमच्याकडे किनाऱ्यावर गाऱ्हाणं होतं आणि मग सगळे दर्यात नारळ सोडतात. दिगू गेल्यानंतरच्या एका वर्षी लाऊडस्पीकर आणि जनरेटर आणला होता बांद्याच्या डीजे जॉनीने. खरं नाव जनार्दन. केसांना तांबूस रंग, कानात बाळी, गाडीवर आगीच्या ज्वाळा रंगवलेल्या. काकांनी सुरुवात केली. भूमीच्या देवाला, दर्याला, बोटींना, जाळ्यांना सांगून झालं, आणि अर्ध्यावर जनरेटर मेला. आवाज बंद झाला तसा लोकांना वाटलं, संपलं. सगळे नारळ घेऊन पाण्याकडे धावले. मीही धावले. काका डोळे मिटून, मेलेल्या माईकला तोंड लावून, पुढे बोलत राहिले.

आठवड्याभरात जॉनीने काकांच्या आवाजाखाली ढोल आणि कसलेसे धाडधाड ठोके घालून रील केलं. "बा देवा म्हाराजा" आणि मग सगळ्या गावाचं "व्हय म्हाराजा". ते असं पसरलं की विचारू नका. क्रिकेटच्या सामन्यांत, वरातीत, फोनच्या रिंगटोनला, आखातातल्या मालवणी पोरांच्या खोल्यांत. एकदा तर कोर्टात कामकाज चालू असताना एका पक्षकाराचा फोन वाजला, "बा देवा म्हाराजा". आमचा पट्टेवाला सवयीने "व्हय म्हाराजा" म्हणून गेला. साहेब घाटावरचे. त्यांना वाटलं, आपल्यालाच म्हणाला. ते दिवसभर खुशीत होते.

काकांनी ते पहिल्यांदा ऐकलं धामापूरला, एका लग्नात. आम्ही पंगतीला बसलो होतो. मंडपात जॉनीचाच डीजे. स्वतःचा आवाज ऐकून काकांचा सोलकढीचा पेला हातातच राहिला. पोरं नाचत होती. काका पानावरून उठले, हात न धुता त्या उंच स्पीकरसमोर जाऊन उभे राहिले आणि ऐकत राहिले. आवाज "व्हय म्हाराजा"पर्यंत यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. बराच वेळ ते तसेच उभे. मग जॉनीकडे गेले.

"पुढचा खंय?"

"पुढचा काय, काका? थंय बीट संपता," जॉनी म्हणाला आणि दुसरं गाणं लावलं.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या खोलीत. हात जोडले. "बा वकिलीणबाये म्हाराजा, माझा गाऱ्हाणा चोरीक गेला."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. काम लवकर संपवायचा तोच रस्ता.

"चोर बांद्याचो आसा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेणा अर्धाच चोरल्यान म्हाराजा."

इथे मी थांबले. मी त्यांना समजावलं की शब्द कुठे लिहिलेले नाहीत, रीत पिढ्यांची, म्हणून शब्दांवर हक्क सांगणं जरा अवघड. पण आवाज त्यांचा, म्हणणं त्यांचं. कलाकाराला न विचारता त्याचं रेकॉर्डिंग वापरलं, मोडतोड करून दाखवलं, तर त्याला हरकत घेता येते. आपण कंपनीला कळवू आणि व्हिडिओ काढून टाकायला लावू.

काका दचकले. "काढू नको गो. काढलो तर सगळाच गेला. तेका सांग, चोरलंस तर पुरा चोर."

"म्हणजे?"

"पुढच्या भागात दिगूचा आसा," काका म्हणाले. आता हात जोडलेले नव्हते. "माझो फोन तेच्याकडे पोचणा नाय. ह्या मेल्याचा रील पोचता. थंयच्या सगळ्या पोरांच्या मोबाईलार आसा म्हणतत. पण पुढचा कापल्यान, तर काय उपयोग? माझा काम पुढे आसा."

"मग काका, परत म्हणा. मी आत्ता रेकॉर्ड करते. इथेच."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू माझी पदवी कुठल्या दुकानात मिळाली असं विचारताहेत. "देवाक सांगून झाला. आता मोबाईलासमोर परत म्हटलंय तर तो तमासो."

माझ्या धंद्यात लोक येतात ते चोराला शिक्षा व्हावी म्हणून. चोराने उरलेला मालही न्यावा म्हणून आलेला पक्षकार मी पहिल्यांदाच बघत होते. तरी मी कंपनीकडे तक्रार लिहायला घेतली. जॉनीवर दाब तरी येईल. तक्रारीत पहिलाच प्रश्न होता, तो मी मालवणीत केला. "ह्या गाऱ्हाण्याचे मालक तुमीच काय?"

"मी? मालक?" काका खुर्चीत मागे सरले. "खुळी काय गो तू? मालक रवळनाथ."

"मगे तुमी कोण?"

"मी सांगणारो."

"काका, हंय 'व्हय' म्हटल्याशिवाय तक्रार पुढे जायत नाय."

"खोटा लिवू नको. शिकलंस ती काय खोटा लिवक?"

मग काय, मी खरं लिहिलं. कंपनीचं उत्तर आलं, फार नम्र इंग्रजीत, की हक्काच्या मालकाने स्वतः संपर्क साधावा. मी ते मराठीत वाचून दाखवलं. काकांना कंपनी एकदम पटली. "बरोबर सांगतत. तेंका रीत कळता."

तेव्हा आम्ही मालकाकडे गेलो. म्हणजे कौल लावायला. गुरवाने देवाच्या मूर्तीवर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची पाकळी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. गुरवाने विचारलं, "बा देवा, लवू तुझ्या गाऱ्हाण्याक आपला म्हणूचा काय?" आम्ही बघत राहिलो. डावी पाकळी सुटली आणि खाली आली.

काकांचा चेहरा उजळला. माझा पडला. मी गुरवाला म्हटलं, "परत एकदा विचारा."

"बाय," गुरव पाकळ्या गोळा करत म्हणाला, "हंय अपील नाय."

शेवटी मी सरळ जॉनीला फोन केला. वकिलांचा फोन म्हटल्यावर तो त्याच दिवशी ज्वाळांच्या गाडीवरून आला. काळा कोट बघून आधी घाबरला, पण काकांना बघून त्याला धीर आला आणि तो भाषणच करायला लागला.

"मॅडम, नेटार जा पडला, ता सगळ्यांचा. मी काय ता विकूक नाय. उलट काकांचा नाव झाला. फुकट पोचता म्हणान लोक आयकतत. पैसे लावलेत तर कोण आयकतलो?"

"तुझं कुणी उचललं तर?" मी विचारलं.

"उचललो ना. कुडाळच्या एका डीजेन माझो बीट उचलल्यान. नाव पण पुसल्यान."

"मग तू काय केलंस?"

"तेका आवशीबापाशीवरून शिव्या घातलंय."

"का? नेटवर पडला ना, म्हणजे सगळ्यांचा."

जॉनीने कानातली बाळी फिरवली. "बीट माझो हुतो, मॅडम. मी बसान केललो."

काकांना या चर्चेत रस नव्हता. त्यांनी त्याला जवळ बसवला. "जनार्दना, दर्यो सगळ्यांचो. बरोबर?"

"व्हय."

"मासो कोणाचो?"

"जेच्या जाळ्यात गावलो तेचो."

"बरा. तुझ्या जाळ्यात गावलो, तू घेतलंस, माझा काय म्हणणा नाय. पण डोक्या घेवन धड खंय टाकलंस, ता सांग."

मला वाटलं, आता हा पुन्हा बीट संपतो म्हणणार. पण जॉनीने माझ्याकडे बघितलं, मी बाहेर जावं असं त्याला वाटत होतं. खोली माझी होती.

"टाकूक नाय, काका," तो म्हणाला. "आसा माझ्याकडे. जनरेटर बंद पडलो, पण माझो रेकॉर्डर सेलार चालू हुतो."

"मगे घालूक कित्याक नाय? बीट संपता म्हणालंस."

"थंय मंडपात माणसा हुती म्हणान तसा सांगलंय. काका, तो भाग तुमच्या घरातलो. तेच्यार पोरांका नाचवक बरा दिसात?"

हे मला सुचलं नव्हतं. न विचारता दुसऱ्याचं उचलणारा म्हणून मी त्याला बोलावलं होतं, आणि काय उचलायचं नाही ते त्याने माझ्याआधी ठरवून टाकलं होतं.

काका म्हणाले, "लाव."

जॉनीने मोबाईल टेबलावर ठेवला. आधी ते ओळखीचं, बोटींचं आणि जाळ्यांचं. मग जनरेटर खोकल्यासारखा होऊन बंद पडला. माणसांची पळापळ, पोरांचा गलबला, लाटा. आणि त्या सगळ्याच्या खाली काकांचा आवाज, लाऊडस्पीकरशिवायचा, पडवीत बोलतात तसा.

"बा देवा म्हाराजा, माझो झील दिगू दूर देशात आसा. तेणा माका एकट्याक सांगल्यान ता मी तुका सांगलंय, आणि तुका सांगूक गेलंय ता सगळ्या गावाक सांगलंय. केसांचा आणि लग्नाचा बोललंय. तो भर सभेत टोपी ओढून गेलो ता माका दिसला नाय, माझे डोळे मिटलेले हुते. चूक माझी आसा म्हाराजा. तेचो राग आसा तो ऱ्हवांदे. पण तेका वेळेर जेवक गावांदे. थंय गरम खूप होता म्हणतत, तर तेका निजाक बरी जागा गावांदे. माझ्याकडे येवक नको, पण बरो ऱ्हवांदे."

मधेमधे एकच आवाज "व्हय म्हाराजा" म्हणत होता. जनरेटरची दोरी ओढताना धापा टाकत. जॉनीचा.

रेकॉर्डिंग संपलं. बाहेर कचेरीच्या आवारात कुणीतरी स्टॅम्पपेपरसाठी भांडत होतं. जॉनी बाळी फिरवत बसला.

"ह्या घाल," काका त्याला म्हणाले. "आजच घाल."

मला बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "काका, दिगू कशावर रागावला? त्याचं घरातलं तुम्ही लाऊडस्पीकरवर सांगितलं म्हणून. आता हे नेटवर घातलंत, तर तेव्हा फक्त गावाने ऐकलं होतं, आता सगळी दुनिया ऐकणार. नावासकट आणि केसांसकट. माफी मागताना तुम्ही परत तेच करताय."

मी काकांना पाणी दिलं, ते प्याले नाहीत. टेबलावरचा मोबाईल काळा झाला तसा त्यांनी बोटाने तो पुन्हा पेटवला, पुन्हा काळा होऊ दिला.

"लग्नाचा काढ," शेवटी ते जॉनीला म्हणाले. "केसांचा काढ. सभेचा पण काढ."

"काढतंय."

"नाव काढ."

"नाव काढलं तर त्याला कळणार कसं?" मी विचारलं.

"तेका कळतला. वेळेर जेव म्हणान माझ्या आवाजात तेका आणि कोण सांगतलो?"

मग माझ्याच टेबलावर दोघे बसले. जॉनी एकेक तुकडा ऐकवायचा आणि काका सांगायचे, हा ठेव, हा काढ. गाऱ्हाण्यातला एक शब्द इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नसे, आणि आता स्वतःच्या हाताने स्वतःचं बोलणं छाटत होते. "चूक माझी आसा" तेवढं दोनदा लावून ऐकलं आणि ठेवायला सांगितलं. लाटांचा आवाज जॉनी काढत होता, तोही ठेवायला लावला. दिगूला आपली वेळ, म्हणजे वाडीचा किनारा, ओळखू येईल म्हणाले.

काकांच्या नावाने पान उघडलं. तिथेही तोच प्रश्न आला, हे तुमचं स्वतःचं आहे काय. मी काकांकडे बघितलं. म्हटलं, आता पुन्हा गुरवाकडे चला.

"पयलो भाग रवळनाथाचो, तसा लिव," काका म्हणाले. "पण हो शेवटचो माझो. हेच्यात देवाक विचारूचा काय नाय."

मी "होय" वर बोट ठेवलं.

जॉनीने आपल्या रिमिक्सखाली लिहिलं, पूर्ण गाऱ्हाणं इथे आहे, लवूकाकांच्या परवानगीने, यावर नाचू नये. नाचणारे अजून रिमिक्सवरच नाचतात आणि तेच जास्त लोक ऐकतात. पूर्ण गाऱ्हाणं ऐकणारे थोडे. ते कुठकुठून ऐकतात एवढं मात्र पानावर दिसतं. काका बाजाराच्या दिवशी माझ्या खोलीत येतात, टेबलापलीकडे बसतात आणि म्हणतात, "बघ जरा." मी बघते. मुंबई असते, गोवा असतो. आखातातलेही कुणी कुणी असतात.

"नाव दिसणा नाय?"

"नाय, काका. देश तेवढो दिसता. कोण तो, ता कंपनी सांगणा नाय."

"बरा आसा," काका म्हणतात. "कोणाक कळणा नाय म्हटल्यार तो निवांत आयकात."

आणि उठून जातात. गाऱ्हाण्यात ते अजूनही गावाच्या तपशिलात शिरतात, पण हल्ली आदल्या दिवशी घरोघर फिरून विचारून येतात, तुझा सांगू काय. निम्मे लोक नको म्हणतात. त्यामुळे आमचं गाऱ्हाणं आता पूर्वीपेक्षा लवकर आटपतं आणि नारळ उजेडात दर्याला मिळतो.

दिगूचा फोन आलेला नाही. ब्लॉक तसाच आहे. पण लवू सोमा तांडेल यांचं गाऱ्हाणं आज शेवटपर्यंत ऐकता येतं, त्यांच्या नावाने आणि त्यांच्या संमतीने, आणि कुणाला काय सांगायचं ते त्यांनी स्वतः ठरवलेलं आहे.